भाऊ अमेरिकेत बिनकागदी राहताना पकडला गेलाय, घरच्यांनी आता काय काय करायचं

आधी एक वही घ्या. मोबाईलमध्ये नको, वहीच घ्या, कारण पुढचे काही आठवडे घरातले चार जण चार ठिकाणी फोन करणार आणि कोण कोणाशी काय बोललं हे तिसऱ्या दिवशी कोणालाच आठवत नाही. पहिल्या पानावर त्याचं नाव लिहा, पासपोर्टवर आहे तसंच, स्पेलिंगसकट. खाली जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, शेवटचा फोन कधी आला, कोणत्या गावातून आला, कुठे कामाला होता.

स्पेलिंगचं एवढं ठासून सांगतोय त्याला कारण आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा मागच्या वर्षी पकडला गेला आणि त्याच्या वडिलांना सहा दिवस वाटत होतं की पोरगं गायबच झालं. आईस, म्हणजे तिकडचं इमिग्रेशनवाल्यांचं खातं, त्यांची एक वेबसाईट आहे, डिटेनी लोकेटर म्हणतात तिला, तिथे नाव आणि जन्माचा देश टाकला की माणूस कुठे ठेवलाय ते दिसतं. पण नाव अगदी तंतोतंत जुळायला लागतं. आपल्याकडे पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, आणि घरचे टाकत होते नुसतं त्याचं नाव आणि आडनाव. त्यात वडिलांचं नाव लक्ष्मण, ते एक्स घालून लिहिलंय की के एस एच घालून, कोणालाच माहीत नाही. मी त्यांच्या ओट्यावर बसून एकेक स्पेलिंग टाकत होतो आणि चुलती मागून वाचून दाखवत होती, नववा का दहावा प्रयत्न लागला. त्या स्क्रीनवर त्याला कोंडलेल्या सेंटरचं नाव आलं तेव्हा त्या घरात पहिल्यांदा कोणीतरी चहा टाकला.

तर शोधताना सगळी रूपं करून बघा, आडनाव आधी, वडिलांचं नाव जोडून, वडिलांचं नाव सोडून. सीमेवर पकडला असेल तर पहिले ४८ तास तो तिथे दिसणारच नाही, घाबरू नका, परत परत बघा. अठरा वर्षांखालचं मूल असेल तर या साईटवर सापडत नाही, त्यासाठी थेट भारताचं कॉन्सुलेट, म्हणजे आपल्या सरकारची तिकडची कचेरीच गाठावी लागते.

एकदा सापडला की सगळ्यात आधी ए-नंबर मिळवा, म्हणजे इमिग्रेशनवाल्यांनी त्याला दिलेला नंबर. ए अक्षर आणि पुढे आकडे, तिकडच्या प्रत्येक कागदावर असतो. शोधताना नऊ आकडे लागतात, कमी असतील तर पुढे शून्य लावून नऊ करायचे. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. वकील, कॉन्सुलेट, कोर्ट, सगळे पहिला प्रश्न हाच विचारतात. इमिग्रेशन कोर्टाच्या वेबसाईटवर हाच नंबर टाकला की पुढची तारीख कधी, कोणत्या जजसमोर, ते दिसतं, आणि ते इथे घरी बसून बघता येतं.

मग रोज बघायचं. रोज म्हणजे खरंच रोज. ही माणसं एका जागी राहत नाहीत, आज टेक्सास तर परवा लुइझियाना, आणि हलवताना घरच्यांना कोणी सांगत नाही. लुइझियानामध्ये अलेक्झांड्रिया नावाचं गाव आहे, तिथे विमानतळालाच लागून एक सेंटर आहे आणि डिपोर्टेशनची, म्हणजे मायदेशी परत पाठवायची, बरीच विमानं तिथून सुटतात. लोकेटरवर ते नाव दिसलं तर हातात थोडेच दिवस, कधी थोडेच तास आहेत असं समजा आणि वकिलाला लगेच उठवा.

आत असलेल्या माणसाला तुम्ही फोन करू शकत नाही, तोच बाहेर करू शकतो, आणि त्यासाठी त्याच्या खात्यात पैसे भरावे लागतात, ते अमेरिकेतल्या एखाद्या मित्राकडून भरून घेणं सोपं. फोन आला की आधी रडारड होते, होणारच, आई आहे ती, पण मिनिटं मोजकी असतात म्हणून प्रश्न आधीच वहीत लिहून ठेवा. आणि हे फोन रेकॉर्ड होतात. कसा आला, कोणी आणला, कुठे काय काम केलं, यातलं काहीही फोनवर बोलायचं नाही, ते फक्त वकिलाशी.

फोनवर त्याला तीन गोष्टी सांगा. पहिली, इंडियन कॉन्सुलेटशी बोलायचंय असं तोंडाने माग. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे हा हक्क आहे, पण भारताच्या बाबतीत तो स्वतः मागेल तरच ते कळवतात. काही देशांना आपोआप कळवतात, त्या यादीत आपण नाही. दुसरी, न समजलेल्या कागदावर सही करू नको, मराठी किंवा हिंदी दुभाषी माग, इंग्रजी थोडंफार येतं म्हणून मान डोलवू नको. तिसरी, परत गेल्यावर खरंच जिवाला धोका असेल तर तसं स्पष्ट सांग, कारण ते सांगितलं नाही तर झटपट काढून टाकायची जी पद्धत आहे तिच्यात जजसमोर उभं राहायला मिळत नाही. पण खरं असेल तरच हं. एजंट लोक बनावट कहाण्या पाठ करून पाठवतात आणि मुद्दाम खोटा असायलमचा, म्हणजे आश्रय मागायचा, अर्ज केलाय असं ठरलं तर तिकडच्या इमिग्रेशनचे सगळे रस्ते कायमचे बंद होतात.

त्या झटपट पद्धतीबद्दल अजून एक. आधी ती मुख्यतः सीमेजवळ आणि नुकत्याच आलेल्यांना लावायचे. जानेवारी २०२५ पासून सरकारने ती देशात कुठेही पकडलेल्या, पण तिकडे राहून दोन वर्षं न झालेल्या माणसाला लावायचं ठरवलं आणि त्यावरून कोर्टात भांडण सुरू झालं. म्हणून तो दोन वर्षांपेक्षा जास्त काळ तिकडे असेल तर त्याचे पुरावे आजच गोळा करा, भाड्याच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, दवाखान्याचं बिल, तारीख असलेला कुठलाही कागद. रूममेटला सांगा, त्याची खोली आवरून सामान टाकून देऊ नका, आधी कागद शोधा.

वकिलाचं म्हणाल तर इमिग्रेशन कोर्टात सरकार वकील देत नाही, हे आपल्याकडे लोकांना खरं वाटत नाही. स्वतः शोधावा लागतो. त्या कोर्टांच्याच वेबसाईटवर राज्यवार फुकट वकील देणाऱ्या संस्थांची यादी आहे, तिथून सुरू करा. जो माणूस "मी आतून काम करून देतो" म्हणून रोख मागतो त्याला एक पैसा देऊ नका. वकिलाला पहिल्याच दिवशी विचारायचं की जामीन मागता येतो का. जुलै २०२५ पासून सरकारची भूमिका अशी झाली की तपासणी न होता सीमा ओलांडून आलेल्याला जामीन नाहीच, मग तो दहा वर्षं तिकडे राहिलेला असला तरी. त्यावर बरेच जण हेबियस कॉर्पस, म्हणजे बेकायदा कोंडलंय, सोडा असा अर्ज घेऊन फेडरल म्हणजे केंद्राच्या कोर्टात गेले, काही जज सोडतात, काही नाही. म्हणून कोणत्या जिल्ह्यात ठेवलाय याला फार महत्त्व आहे आणि अर्ज तो हलवला जायच्या आत पडायला हवा.

लढायचं नाही, परत यायचंय असं त्याचं स्वतःचं मत असेल तरी घाईत सही नको. जजने काढलेल्या परत पाठवायच्या ऑर्डरवर गेला तर पुन्हा अमेरिकेत जायला साधारण १० वर्षांची बंदी, झटपट पद्धतीने काढला तर ५, दुसऱ्यांदा काढला गेला तर २०. त्याऐवजी व्हॉलंटरी डिपार्चर, म्हणजे स्वतःहून निघून जायची परवानगी, मिळालं तर ऑर्डरचा डाग लागत नाही, पण बेकायदा राहिलेले दिवस मोजले जातातच, १८० दिवसांवर ३ वर्षं आणि वर्ष किंवा जास्त राहिला तर १० वर्षं. आणि बंदी असताना चोरून परत गेला तर तो तिकडे जेलचा गुन्हा आहे. पोरगं पंचवीस वर्षांचं असेल तर ५ की १० या एका आकड्यात त्याचं आयुष्य वेगळं होतं, म्हणून वकिलाला हा प्रश्न शब्द न् शब्द विचारा आणि उत्तर वहीत लिहा.

आता पैशाचं, आणि इथे मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा भाग सगळे सोडून देतात.

तिकडे टीव्हीवर वाद चालतो, एक म्हणतो हे बिनकागदी लोक आमची कामं घेतात, दुसरा म्हणतो यांच्याशिवाय शेतं पिकणार नाहीत. दोन्हीकडच्यांना एक गोष्ट माहीत आहे. अमेरिकेच्या शेतखात्याच्या आकडेवारीप्रमाणे पिकांवर मजुरी करणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्के लोकांकडे कामाचे कागद नाहीत. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगनच्या काळात कायदा झाला, सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर केलं आणि त्याच कायद्यात लिहिलं की माहीत असून बिनकागदी माणूस कामावर ठेवला तर मालक दोषी. त्यासाठीच आय-९ फॉर्म आला, मालकाने कामगाराचे कागद तपासल्याचा. जून २०२५ मध्ये शेतं, हॉटेलं, रेस्टॉरंटं इथल्या धाडी थांबवायचा आदेश निघाला कारण मालक ओरडले, आणि काही दिवसांतच तो मागे घेतला. म्हणजे गरज सगळ्यांना कळते, पण बेड्या पडतात त्या काम करणाऱ्याच्याच हातात. मला हे चूक वाटतं आणि मी ते कोणासमोरही बोलतो.

पण तुमच्या कामाची गोष्ट ही की केलेल्या कामाचा पगार त्याचाच आहे. कागद नसले तरी. अमेरिकेचा १९३८ चा मजुरी कायदा माणसाचं इमिग्रेशन स्टेटस बघत नाही, केंद्राचा किमान दर तासाला ७.२५ डॉलर, बऱ्याच राज्यांत त्याहून जास्त, आठवड्याला ४० तासांच्या वर बहुतेक कामांत दीडपट. कामावरून काढल्यामुळे न केलेल्या कामाची भरपाई मात्र अशा माणसाला मिळत नाही, २००२ मध्ये तिकडच्या सुप्रीम कोर्टाने एका युनियनच्या केसमध्ये तसं ठरवलंय. आमच्या ओळखीतल्या त्या मुलाचे पाच आठवड्यांचे पैसे दुकानदाराने दाबले होते, वरून म्हणाला "तो आता कुठे येणार मागायला". मागता येतं, भारतातून पण मागता येतं. लेबर डिपार्टमेंटच्या वेज अँड अवर डिव्हिजनकडे तक्रार करायची, तक्रारीची मुदत २ वर्षं, मालकाने मुद्दाम बुडवले असतील तर ३. त्यासाठी लागतात तासांच्या नोंदी. नसतील तर व्हॉट्सअॅपवरचे "उद्या सहाला ये" असे मेसेजसुद्धा चालतात, स्क्रीनशॉट काढून दोन ठिकाणी ठेवा, फोन आत जप्त झालेला असतो म्हणून समोरच्या मित्रांकडून मागवा.

आणि तो आत असतानाच त्याच्याकडून एखाद्या भरवशाच्या माणसाच्या नावाने पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करायचं अधिकारपत्र, करून घ्या, वकिलाला सांगितलं की होतं. बँकेतले पैसे, गाडी, घराचं डिपॉझिट, सगळं त्या एका कागदावर सुटतं. विमानात बसल्यावर हेच करायला महिनोन् महिने जातात.

परत यायचं नक्की झालं की पासपोर्ट नसेल तर कॉन्सुलेट इमर्जन्सी सर्टिफिकेट देतं, एकदाच भारतात यायला चालणारा कागद. त्याआधी तो भारतीयच आहे ना याची पडताळणी होते, त्यासाठी गावात पोलीस घरी येऊ शकतात. तेव्हा भीतीने "असा कोणी इथे राहत नाही" म्हणू नका, एका घरात खरंच असं झालं आणि पोरगं आत अजून लटकलं. आधार, शाळेचा दाखला, रेशनकार्ड दाखवा आणि सरळ हो म्हणा.

विमानाबद्दल आईवडिलांची मनाची तयारी करून ठेवा. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेचं लष्करी सी-१७ विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात ३ महाराष्ट्रातले होते. हातात बेड्या, पायात साखळ्या, संसदेत गोंधळ झाला, दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री जयशंकर राज्यसभेत म्हणाले की ही आईसची २०१२ पासूनची पद्धत आहे आणि बायका-मुलांना बांधत नाहीत. त्याच महिन्यात अजून दोन विमानं अमृतसरलाच आली, नंतर दिल्लीलाही उतरली. टीव्हीवर ते दृश्य बघून शेजारी काय म्हणतील ते म्हणू देत. घरात आल्यावर त्याला पहिला प्रश्न "किती पैसे बुडाले" असा विचारू नका.

शक्य असेल तर कोणीतरी घ्यायला जा. उतरल्यावर इमिग्रेशन, पोलिसांची चौकशी, जुना काही गुन्हा आहे का ते बघतात, त्यात बरेच तास जातात. आमच्या ओळखीतला तो मुलगा दिल्लीला बाहेर आला तेव्हा त्याच्या बुटांना लेस नव्हत्या, आत काढून घेतात, तो पाय घासत चालत होता आणि त्याच्या मामाने काही न बोलता स्वतःच्या चपला काढून दिल्या. म्हणून चपला, एक जोड कपडे, सिमकार्ड असलेला साधा फोन, थोडे रोख पैसे घेऊन जा. अमृतसरहून मुंबईला गोल्डन टेंपल मेल आणि पश्चिम एक्सप्रेस आहेत, तिकीट आधी काढू नका कारण विमानाची वेळ हलते, तत्काळमध्ये बघा.

चार दिवस त्याला झोपू द्या. मग एजंटचा विषय. कर्ज काढून, जमीन गहाण ठेवून दिलेले पैसे असतात, आणि एजंट म्हणतो तक्रार केलीस तर पैसे विसर, गप्प बसलास तर परत पाठवतो. परत पाठवतो म्हणजे त्याच जंगलातून, पनामाचं ते डॅरिअन, तेच बोटीतून ढकलणं. १९८३ च्या इमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशात कामाला माणसं पाठवायला नोंदणी लागते, सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्या एजंटचं नाव आहे का ते बघा, नसेल तर तोच पहिला मुद्दा. बँक ट्रान्सफर, गुगल पेच्या नोंदी, व्हॉईस मेसेज, त्याच्या ऑफिसच्या पाटीचा फोटो, सगळं घेऊन स्टेशनला जा आणि एफआयआरची कॉपी मागा, नुसता अर्ज देऊन परत येऊ नका. एकटे नका जाऊ, त्याच एजंटने पाठवलेली अजून दोन घरं शोधा आणि एकाच दिवशी जा, तीन घरं समोर बसली की हवालदाराला "उद्या या" म्हणणं जड जातं.