कॅरेक्टरची सावली आधी बघा

गेम आर्ट शिकताना हमखास होणारा घोळ: पात्रं रंगवून झाल्यावर छान दिसतात, पण स्क्रीनवर लहान झाली की सगळी सारखीच. कारण बाह्याकृतीच सारखी असते. आपल्या कोकण किनाऱ्यावर यावर फुकटचा उपाय आहे, कारण सूर्य समुद्रात मावळतो.

१. संध्याकाळी बंदरावर जा. दापोलीजवळच्या हर्णैला तेव्हा किनाऱ्यावरच मासळीचा लिलाव चालतो, माणसांची कमी नाही.
२. माणूस आपल्या आणि पश्चिमेच्या मधे येईल असे उभे राहा. मोबाईलचा एचडीआर (उजेड आणि अंधार सारखा करणारी सोय) बंद करून उजळ आकाशावर बोट दाबून धरा, एक्स्पोजर खाली ओढा. माणूस काळाकुट्ट दिसेल.
३. घरी येऊन तो आकार क्रितामध्ये (चित्रं काढायचं मोफत सॉफ्टवेअर) काळ्या रंगाने भरा आणि १०० पिक्सेल उंचीवर आणा. तरीही डोक्यावरची पाटी, काष्ट्याचा घोळ, खांद्यावरचं जाळं ओळखू येतं का?

येत असेल तर त्यावर पात्र उभारा. कोपर अंगाला चिकटलं की हात गायब होतो; कंबरेवर हात ठेवलेली कोळीण मात्र कितीही लहान केली तरी कोळीणच दिसते. हा फरक मला कुठल्याही ट्युटोरियलपेक्षा बंदरावर नीट कळला. दशावतारातला संकासुरही असाच तपासून बघा, टोकदार टोपीवरूनच ओळखू येतो.

फोटो काढण्याआधी मात्र विचारा, "मावशी, एक फोटो काढू का?" नाही म्हणाल्या तर मोबाईल खिशात ठेवा आणि वहीत नुसती आकृती काढा.