कॅमेऱ्याची बेल घेण्याआधी समोरच्यांचं दार बघा

ऑर्डर टाकण्याआधी आपल्या दारात उभे राहा, मोबाइल बेलच्या उंचीवर धरा आणि समोरचा फोटो काढा. फ्लॅटमध्ये समोर बहुतेक शेजाऱ्यांचं दार असतं, आणि ते उघडलं की सरळ त्यांचा हॉल. मागच्या वेळी आई-बाबांच्या दाराला बेल लावताना हे राहून गेलं. मग समोरच्या काकूंनी जिन्यात गाठलं, "आमच्याकडे कोण येतं-जातं ते तू बंगळुरात बसून बघतोस का रे?"

म्हणून पहिली अट प्रायव्हसी मास्कची. म्हणजे चित्राचा शेजाऱ्यांच्या दाराएवढा भाग रेकॉर्डिंगमध्ये काळाच आला पाहिजे. मोशन झोन (हालचाल झाली की कळवायचा आखलेला भाग) म्हणजे मास्क नव्हे! झोन आखला की नोटिफिकेशन कमी होतात, काकूंचं दार रेकॉर्डिंगमध्ये तसंच राहतं. दुकानदार दोन्ही एकच म्हणून सांगेल. मॅन्युअल डाउनलोड करा, मास्क दिसला नाही तर ते मॉडेल सोडा.

वायरिंगचं बघा. आपल्याकडे बेलच्या पॉइंटला सहसा २३० व्होल्ट येतात, परदेशी वायरवाल्या मॉडेलांना बहुधा १६ ते २४ लागतात. थेट जोडलं तर बेल जळेल, इलेक्ट्रिशियन "चालतंय हो" म्हणाला तरी. ट्रान्सफॉर्मर बसवा नाहीतर बॅटरीवाली घ्या. सेफ्टी डोअर उघडल्यावर जाळी कॅमेऱ्यापुढे येते का, तेही बघून ठेवा.

रेकॉर्डिंग घरातच राहावं. मेमरी कार्ड बेलमध्ये असेल तर बेल चोरणारा कार्डही नेणार, त्यामुळे घरातल्या हबमध्ये (बेलला वायरलेस जोडलेल्या डबीत) साठवणारं मॉडेल बरं. खोक्यावर 'लोकल स्टोरेज' छापलंय एवढ्यावर जाऊ नका. तसं म्हणणाऱ्या युफी कंपनीच्या कॅमेऱ्यांची थंबनेल, म्हणजे छोटी चित्रं, क्लाउडवर जात असल्याचं २०२२ मध्ये उघड झालं होतं. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनही (रेकॉर्डिंग फक्त आपल्याच फोनवर उघडेल, कंपनीलाही नाही) आहे का एवढंच विचारू नका, ते चालू आहे का बघा. रिंग कंपनीच्या ज्या मॉडेलांत ते आहे त्यांतही ते आपणच चालू करायचं असतं, आणि केलं की काही सोयी बंद पडतात. पडू देत.

आवाजाचं रेकॉर्डिंग बंद करा. मास्क दार झाकतो, दारातलं बोलणं नाही. पुन्हा काकूच.

लांबून बघायचं तर टू-फॅक्टर (पासवर्डनंतर आणखी एक कोड) लावा. आई-बाबांना ॲपमधून वेगळा ॲक्सेस द्या, आपला पासवर्ड फॅमिली ग्रुपवर टाकू नका. राउटरवर पोर्ट (बाहेरच्या इंटरनेटवरून आत यायची वाट) उघडून देतो म्हणणाऱ्याला नको म्हणा. राउटर इन्व्हर्टरवर घ्या. वायफायची रेंज दार बंद करून तपासा. बाकी ड्रिल, स्क्रू वगैरे.

बेल लागली की समोरच्यांना बोलवा आणि फोनवरचं चित्र त्यांनाच दाखवा. बॅटरी चार्जिंगला काढून परत लावताना बेलचा कोन थोडा हलतो. मास्क चित्रात होता तिथेच राहतो, दार मात्र त्याच्याबाहेर सरकतं. दर वेळी तपासा.