विंडोज अ‍ॅप्लिकेशनने वापरकर्त्याच्या फाइल्स कुठे आणि कशा ठेवाव्यात

डेस्कटॉप अ‍ॅप्लिकेशन लिहिणारा प्रोग्रामर बहुतेक वेळा स्वतःच्याच संगणकावर, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून ते चालवून पाहतो. तिथे प्रोग्रामची फाइल प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये असते आणि तिच्या शेजारी सेटिंग्ज किंवा डेटाबेस लिहायला काहीच आडकाठी येत नाही. तोच प्रोग्राम ग्राहकाकडे ‘प्रोग्राम फाइल्स’मध्ये इन्स्टॉल झाला की अडचण सुरू होते, कारण साध्या वापरकर्त्याला त्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी नसते.

विंडोज व्हिस्टापासून यात आणखी एक गुंता आहे. 32 बिटचा प्रोग्राम असेल आणि त्याच्या मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रामच्या गरजा विंडोजला सांगणाऱ्या माहितीत) अधिकाराची पातळी सांगितलेली नसेल, तर विंडोज त्याचे लेखन गुपचूप त्या वापरकर्त्याच्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरकडे वळवते. दुकानातील एकाच संगणकावर मालक आणि कारकून वेगवेगळ्या खात्यांतून बसत असतील, तर दोघांना दोन निरनिराळे हिशेब दिसतात आणि प्रोग्राम मात्र कुठलीही चूक दाखवत नाही. 64 बिटच्या प्रोग्रामला ही सवलत नसल्यामुळे तो निदान लगेच अडखळतो, आणि माझ्या मते तेच बरे. यावर तोडगा म्हणून प्रोग्राम कायम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवण्याची सक्ती करू नये. तसे केल्यास एक्सप्लोररमधून फाइल ओढून आपल्या खिडकीत टाकता येत नाही, आणि वापरकर्त्याने जोडलेले नेटवर्क ड्राइव्हही अनेकदा दिसेनासे होतात.

योग्य जागा ठरलेल्या आहेत. वापरकर्त्याने स्वतः तयार केलेले दस्तऐवज ‘डॉक्युमेंट्स’मध्ये, त्याच्या आवडीनिवडीच्या लहान सेटिंग्ज ‘अ‍ॅपडेटा’तील ‘रोमिंग’मध्ये आणि कॅशे, लॉग किंवा मोठा स्थानिक डेटाबेस ‘लोकल’मध्ये ठेवावा. सर्व खात्यांना सामाईक असलेली माहिती ‘प्रोग्रामडेटा’मध्ये जाते. मात्र तिथे एका साध्या वापरकर्त्याने तयार केलेली फाइल दुसऱ्याला वाचता येते, बदलता येत नाही; म्हणून इन्स्टॉलरनेच आपले उपफोल्डर तयार करून त्यावर हव्या त्या परवानग्या द्याव्यात. या जागांचे पत्ते कोडमध्ये हाताने लिहू नयेत. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असल्यास ‘डॉक्युमेंट्स’ वनड्राइव्हच्या फोल्डरमध्ये गेलेले असते, त्यामुळे पत्ता नेहमी विंडोजच्या ‘एसएचगेटनोनफोल्डरपाथ’ या फंक्शनकडून, किंवा डॉटनेट या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रामिंग प्रणालीत ‘एन्व्हायर्नमेंट.गेटफोल्डरपाथ’कडून मागून घ्यावा.

पत्ता मिळाला तरी तो नीट हाताळला जाईलच असे नाही, आणि मराठी वापरकर्त्याला याचा विशेष त्रास होतो. इंग्रजी किंवा रशियनसाठी विंडोजमध्ये जुनी ‘अन्सी’ कोडपेज, म्हणजे अक्षरांना क्रमांक देणारे मर्यादित तक्ते, आहेत. मराठी आणि हिंदीसाठी तशी कोडपेज नाहीत, या भाषा केवळ युनिकोडवर चालतात. त्यामुळे खात्याच्या फोल्डरचे नाव ‘सुनीता’ असेल आणि प्रोग्राम फाइल उघडणाऱ्या ‘क्रिएटफाइल’ फंक्शनचे ‘ए’ (अन्सी) रूप वापरत असेल, तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि फाइल सापडतच नाही. सी किंवा सी++ मध्ये युनिकोडची ‘डब्ल्यू’ रूपे वापरणे हा सरळ मार्ग आहे. जुना कोड मोठा असेल, तर विंडोज 10 च्या 1903 आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये सक्रिय कोडपेज म्हणून यूटीएफ-8 (युनिकोड साठवण्याची एक पद्धत) जाहीर करता येते. डॉटनेटमध्ये हा प्रश्न सहसा येत नाही, पण त्यातून बोलावलेली एखादी जुनी डीएलएल तो परत आणू शकते.

फाइल लिहिताना मूळ फाइल उघडून तिच्यावरच लिहू नये. आपल्याकडे वीज सांगून जात नाही, आणि लेखन अर्ध्यावर असताना ती गेली तर जुनी माहितीही जाते व नवीही हाती लागत नाही. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहावी, ‘फ्लशफाइलबफर्स’ने ती डिस्कवर उतरवावी आणि मग ‘रिप्लेसफाइल’ने जुनीच्या जागी आणावी. डॉटनेटमध्ये यासाठी ‘फ्लश’ला ‘ट्रू’ देऊन नंतर ‘फाइल.रिप्लेस’ वापरावे. दोन्ही फाइल्स एकाच व्हॉल्यूमवर (ड्राइव्हवर) असाव्या लागतात, म्हणून तात्पुरती फाइल ‘टेम्प’मध्ये ठेवणे धोक्याचे. पहिल्यांदा साठवताना मूळ फाइलच नसते. तेव्हा साधे ‘मूव्ह’ पुरते.

फाइलमधील आकडे आणि तारखा संगणकाच्या प्रादेशिक सेटिंगनुसार लिहू नयेत. 05-06-2024 ही तारीख पुण्यात 5 जून होते आणि अमेरिकेत 6 मे. जर्मन सेटिंग असलेला संगणक साडेबारा हा आकडा 12,5 असा लिहितो. साठवताना डॉटनेटचे कुठल्याही प्रदेशाशी न बांधलेले ‘इन्व्हेरियंटकल्चर’ आणि 2024-06-05 असा क्रम वापरावा. प्रादेशिक रूप फक्त पडद्यावर दाखवावे.

प्रोग्राम ग्राहकाकडे पाठवण्यापूर्वी चाचणीसाठी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर नसलेले, देवनागरी नावाचे एक स्थानिक खाते तयार करावे. मायक्रोसॉफ्ट खात्याचा इथे उपयोग नाही, कारण त्याच्या फोल्डरचे नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांवरून पडते. मग इन्स्टॉलरने बसवलेला प्रोग्राम त्या खात्यातून उघडावा, एक नोंद साठवावी आणि साठवण चालू असतानाच टास्क मॅनेजरमधून प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडावा.