या चुका टाळा: इंग्रजीत क्रियापद कुणाचं ऐकतं?

'मी भाकरी खाल्ली.' 'मी आंबा खाल्ला.' 'मी शेंगदाणे खाल्ले.' खाणारा एकच, पण क्रियापद तीनदा बदललं. ते माझ्याकडे बघतच नाही, ताटात काय आहे ते बघतं. शाळेत आपण याला कर्मणी प्रयोग म्हणून मार्कांपुरतं पाठ केलं आणि विसरलो. इंग्रजीत मात्र तिन्ही वेळा 'आय एट'. तिथलं क्रियापद ताटात डोकावत नाही, फक्त कर्त्याचं ऐकतं.

सोलापुरात नव्या पेठेजवळ मी संध्याकाळी इंग्रजीचे वर्ग घेतो. चादरीच्या दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलं येतात, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला मुलाखतीला जाणारे इंजिनिअरही येतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या तेलुगू, कुणाच्या कन्नड. चुका मात्र बऱ्याचशा एकाच घरच्या: वाक्यातला कर्ता एकतर हरवलेला असतो, नाहीतर भलताच कुणीतरी त्याच्या जागी बसलेला असतो.

कर्त्याची खुर्ची रिकामी ठेवू नका

'जेवलीस?' एवढं म्हटलं की कोण, ते कळलं. कन्नड-तेलुगूतही क्रियापदाच्या शेपटावरून माणूस ओळखू येतो, म्हणून 'मी', 'तू' गाळलं तरी चालतं. इंग्रजी क्रियापदाचं शेपूट जवळजवळ झडून गेलंय. 'केम' म्हणजे आलो, आलास, आली, आले, सगळंच. मग कर्ता बोलूनच दाखवावा लागतो. अगदी कुणी नसलं तरी. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि वर्गात शिरता शिरता पोरं म्हणतात, 'टुडे व्हेरी हॉट'. हवं होतं 'इट इज व्हेरी हॉट टुडे'. हे 'इट' म्हणजे नेमकं कोण, असं एकानं विचारलं होतं. कुणीच नाही. खुर्ची रिकामी दिसू नये म्हणून बसवलेला माणूस. पावसाचंही तेच: 'इट इज रेनिंग'.

उलटी चूकही तितकीच होते. 'माय ब्रदर ही वर्क्स इन पुणे.' खुर्ची एक, बसणारे दोन. 'ही' काढून टाका. याचीच थोरली बहीण म्हणजे आपली 'जी-ती' जोडी. 'जी चादर घेतली, ती उबदार आहे' याचं होतं 'व्हिच चादर आय बॉट, दॅट इज वॉर्म'. इंग्रजीत चादरीचं नाव एकदा आलं की पुरे: 'द चादर आय बॉट इज वॉर्म.'

'मला' आहे तिथं 'आय', पण 'आहे' आहे तिथं 'ॲम' नव्हे

'मला दोन भाऊ आहेत', 'मला माहीत आहे'. मराठीत इथं 'मला' असतं, इंग्रजीत सरळ 'आय'. एवढं बहुतेकांना जमतं. अडतं ते 'आहे'पाशी. 'आहे' दिसलं की 'ॲम' येतं, 'ॲम'मागून 'आयएनजी' येतं आणि तयार होतं 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स', 'आय ॲम नोइंग हिम'.

यावर आमच्याकडे एक गावठी कसोटी आहे, आणि व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा मला तीच आवडते. 'काय करलालास बे?' हे सोलापुरी वाक्य म्हणजे हुबेहूब 'व्हॉट आर यू डूइंग?' मग वाक्य आधी सोलापुरीत म्हणून बघा. 'जेवलालो' जमतं, म्हणून 'आय ॲम ईटिंग' जमतं. 'मला दोन भाऊ असलालेत' असं कुणी म्हणेल का? हसतील लोक. तिथं 'आयएनजी'ही नको: 'आय हॅव टू ब्रदर्स', 'आय नो हिम'. कसोटी शंभर टक्के चालते असं नाही. 'आय ॲम हॅविंग लंच' बरोबर आहे, कारण तिथं 'हॅव' म्हणजे जवळ असणं नव्हे, जेवणंच.

आदर आणि लिंग, दोन्ही दाराबाहेर

'सर आलेत' म्हणताना आपण एका माणसाला अनेकवचन देतो. इंग्रजीत 'सर हॅव कम' म्हटलं तर आदर पोचत नाही, फक्त चूक पोचते. 'सर हॅज कम', 'माय फादर इज ॲट होम'. पण 'यू'ला 'आर' का, मग तो समोर बसलेला एकटा पोरगा का असेना? कारण 'यू' हे मुळात इंग्रजीचं 'तुम्ही'. एकट्यासाठी 'दाऊ' होतं. पुढे आदरानं एकट्यालाही 'यू' म्हणायला लागले आणि 'दाऊ' बोलण्यातून मागे पडलं. 'तुम्ही'नं 'तू'ला घराबाहेर काढलं म्हणा ना. क्रियापद मात्र अनेकवचनाचंच राहिलं.

लिंगाची गंमत काउंटरवर घडते. चादर मराठीत 'ती', म्हणून गिऱ्हाइकाला सांगितलं जातं, 'शी इज व्हेरी सॉफ्ट, टेक हर.' वस्तू असेल तर 'इट', चादर असो की टॉवेल. तेलुगूत बाई आली आणि बस आली, दोन्हीला क्रियापद 'वच्चिंदी'च लागतं, त्यामुळे त्या घरातल्या मुलांचा घोटाळा वेगळा होतो.

'हिज' आणि 'हर' यांत मात्र मराठीवालेच जास्त अडखळतात. 'रवीनं आपल्या बहिणीला फोन केला.' या 'आपल्या'वरून रवी पुरुष की बाई, काही कळत नाही. इंग्रजीत निवडावंच लागतं, आणि समोर बहीण दिसते म्हणून तोंडून निघतं 'रवी कॉल्ड हर सिस्टर'. रवी दुसऱ्याच कुणाच्या तरी बहिणीला फोन करून मोकळा! बहिणीकडे नव्हे, रवीकडे बघा: 'हिज सिस्टर'.

एक 'एस', एक भूतकाळ

'द बॉय प्लेज', 'द बॉइज प्ले'. साध्या वर्तमानकाळात 'एस' नामाला लागला तर क्रियापदाचा सुटतो. 'डझ' आलं की 'एस' त्यानं घेतला, म्हणून 'डझ ही गो'. 'डिड' आलं की भूतकाळ त्यानं घेतला, म्हणून 'ही डिडन्ट गो'. 'डिडन्ट वेंट' म्हणजे एकाच प्रवासाची दोन तिकिटं.

'द क्वालिटी ऑफ अवर टॉवेल्स आर गुड' हे वाक्य मी स्वतः एकदा कोटेशनच्या पत्रात लिहिलंय, तेव्हा हसू नका. 'टॉवेल्स' शेजारी आहे म्हणून क्रियापद त्याचं ऐकतं. 'ऑफ'पासूनचा भाग अंगठ्यानं झाका. उरतं 'द क्वालिटी', मग 'इज'. 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज' यातही तेच. 'एव्हरीबडी'ला 'हॅज', 'पीपल'ला 'आर'. 'फर्निचर', 'लगेज', 'इन्फॉर्मेशन', 'ॲडव्हाइस' यांना 'एस' लावू नका.

परीक्षा 'गिव्ह' करू नका

नामाचं क्रियापदाशी लग्न लागलेलं असतं आणि दर भाषेत सोयरीक निराळी. आपण परीक्षा देतो. इंग्रजीत 'टेक ॲन एक्झाम'. चूक 'मेक' होते, गृहपाठ 'डू' होतो. स्वप्न पडत नाही, 'आय हॅड अ ड्रीम'. डोकं दुखलं तर 'माय हेड इज पेनिंग' नको, 'आय हॅव अ हेडेक'. लाइट 'ओपन' होत नाही, 'स्विच ऑन' होतो. आणि 'डिस्कस' म्हणजेच 'विषयी बोलणं'. त्यापुढे पुन्हा 'अबाउट' नको. याला नियम नाही. जोडीनंच पाठ करा.

राहिलं 'मायसेल्फ'. मुलाखतीत पहिलंच वाक्य 'मायसेल्फ अमुक फ्रॉम सोलापूर'. या वाक्यात कर्ताही नाही आणि क्रियापदही नाही. 'आय ॲम' म्हणा आणि नाव सांगा. 'मायसेल्फ' वापरायची हौसच असेल तर आधी खुर्चीत 'आय'ला बसू द्या: 'आय टॉट मायसेल्फ टायपिंग.'