मॉर्व्हांच्या कच्च्या रस्त्यांवर : ग्रॅव्हल सायकलीचा मार्ग स्वतः कसा आखावा

ग्रॅव्हल सायकल, म्हणजे कच्च्या रस्त्यांसाठी जाड टायर लावलेली सायकल, घेऊन फ्रान्सला निघालेल्यांची पहिली धाव बहुधा आल्प्स नाहीतर पिरेनीजकडे असते. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा मॉर्व्हांला जा. फ्रान्सच्या बुर्गोन्य (बरगंडी) प्रांताच्या मधोमध हा ग्रॅनाइटचा डोंगराळ टापू आहे. सगळ्यात उंच माथा ओ-फोलँ, तोही ९०१ मीटरचाच. पण सपाटी अशी सापडत नाही. दिवसभर छोटे चढ, छोटे उतार. गावं लहान, गाड्या तुरळक आणि जंगलातून लाकूड बाहेर काढण्यासाठी केलेले रस्ते मुबलक. एकेकाळी पॅरिसच्या चुली इथल्या लाकडावर पेटायच्या. ओंडके नद्यांत सोडून क्लामसी गावाकडे आणि तिथून पॅरिसकडे वाहत नेले जायचे, आणि त्यासाठी पाणी साठवायला सेतोंचा तलाव बांधला गेला.

दर चार वर्षांनी ऑगस्टमध्ये आपल्याकडचे रँडोनर, म्हणजे ठरलेल्या वेळेत लांब पल्ला गाठणारे सायकलस्वार, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस या सायकल फेरीला जातात. १२०० किलोमीटर डांबर तुडवून झाल्यावर अंगात काही उरलं असेल, तर त्यांनाही इथले तीन-चार दिवस जोडून घेता येतील.

तयार मार्गाची फाइल उतरवून घेणं सोपं असतं, पण ती बनवणाऱ्याची सायकल, पाय आणि हंगाम तुमचे नसतात. म्हणून मार्ग स्वतः आखावा.

१. आधी स्टेशन ठरवा

पॅरिस-बेर्सीहून आव्हालोंला थेट टेईआर, म्हणजे प्रादेशिक गाडी जाते. टेईआरमध्ये सायकल सुटी न करता नेता येते. मात्र काही गाड्यांना उन्हाळ्यात सायकलीचं आरक्षण लागतं, ते आधी पाहून घ्या. टेजेव्हेने, म्हणजे अतिवेगवान गाडीने, कुठे जाणार असाल तर चाकं काढून १३० × ९० सेंटिमीटरच्या पिशवीत बसवण्याची तयारी ठेवा. आव्हालों हे मॉर्व्हांचं उत्तरेचं दार. इथूनच भूमध्य समुद्रापर्यंत जाणारा, सुमारे १४०० किलोमीटरचा मासिफ सांत्राल हा मध्य फ्रान्सचा डोंगराळ भाग ओलांडणारा माउंटन बाइकचा मार्गही सुरू होतो.

२. नकाशा वाचा, सावकाश

खरं काम इथे आहे. एक संध्याकाळ पूर्ण द्या. आयजीएन या सरकारी संस्थेचे १:२५,००० चे नकाशे इंटरनेटवर फुकट पाहता येतात. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५० मीटर. सलग बारीक काळी रेघ म्हणजे साधारण ट्रॅक्टर जाईल असा रस्ता, तुटक रेघ म्हणजे पायवाट. तुटक रेघ दिसली की शक्यतो दुसरी वाट शोधा. समोच्च रेषा एकमेकींना खेटून असतील आणि तुमची वाट त्यांना काटकोनात छेदत असेल, तर तिथे सायकल ढकलावी लागणार हे धरून चाला.

मग तोच भाग हवाई छायाचित्रात बघा. चाकांच्या दोन फिकट चाकोऱ्या स्पष्ट दिसल्या तर वाट वापरात आहे. नुसता हिरवा पट्टा दिसला तर गवत माजलंय. काहीच दिसत नसेल तर नकाशावरची रेघ जुनी आहे असं समजा. १९५० नंतरच्या दशकांत शेतजमिनींचं एकत्रीकरण झालं तेव्हा फ्रान्समधल्या किती तरी जुन्या वाटा नांगराखाली गेल्या.

ओपनस्ट्रीटमॅप या इंटरनेटवरच्या खुल्या नकाशात कच्च्या रस्त्यांना १ ते ५ अशी प्रत दिलेली असते. ४० ते ४५ मिलिमीटरच्या टायरना २ आणि ३ उत्तम. ५ म्हणजे माती आणि गवत.

आणि पूर्ण दिवस कच्च्याचाच हट्ट नको. निम्मं कच्चं, निम्मे नकाशावर पांढऱ्या रेघेने दाखवलेले गावं जोडणारे डांबरी रस्ते, हे प्रमाण मला सगळ्यात सुखाचं वाटतं. त्या डांबरी रस्त्यांवरही तासन्‌तास शारोले जातीच्या पांढऱ्या गायींशिवाय फारसं कुणी भेटत नाही.

३. वाट कोणाची, ते पाहा

‘शमँ र्‍युराल’ ही गावाच्या मालकीची वाट. आपल्या पाणंदीसारखी, सगळ्यांना खुली. ‘शमँ देक्स्प्लुआतासियों’ मात्र शेतकऱ्यांची सामायिक खासगी वाट असते, ते ती इतरांना बंद करू शकतात. ‘प्रोप्रिएते प्रिव्हे’ अशी पाटी दिसली की वाद न घालता वळा. फाटक जसं सापडलं तसंच ठेवून पुढे जा, आणि कुंपणाच्या तारेत वीज आहे असंच समजा.

झाडांवर, दगडांवर पांढरा-लाल पट्टा दिसला तर तो जीआर, लांब पल्ल्याचा पायी मार्ग. पिवळा पट्टा छोट्या पायी फेरीचा. एक त्रिकोण आणि दोन वर्तुळं ही खूण माउंटन बाइकची. तिच्या क्रमांकाच्या रंगात हिरवा सोपा, मग निळा, लाल, आणि काळा सगळ्यात अवघड. ग्रॅव्हल सायकलीने निळ्यापर्यंत जावं.

४. पाणी आणि पाव यांचं वेळापत्रक

फ्रान्सच्या खेड्यात दिवस घड्याळावर चालतो. दुकानं दुपारी साडेबारा-एकला बंद होतात ती तीननंतरच उघडतात, जेवण बारा ते दोनमध्येच मिळतं, सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद, रविवारी दुपारनंतर तर शुकशुकाट. तेव्हा बेकरीचं गाव सकाळी अकराच्या आत गाठेल असा मार्ग आखा आणि पाव, चीज पिशवीत टाकूनच पुढे निघा. शाकाहारी मंडळींनी सॅलड आणि कीश (अंड्याचा खारा पाय) यांपासून जपावं. दोन्हींत डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ‘लार्दों’, सर्रास असतात. ‘सां लार्दों’ एवढं म्हणायला शिकून जा.

पाण्यासाठी गावची दफनभूमी शोधा. तिथे फुलझाडांसाठी नळ असतो, आणि लांब पल्ल्याचे सायकलवाले वर्षानुवर्षं त्यावर बाटल्या भरतात. ‘ओ नों पोताब्ल’ लिहिलेलं नाही ना, तेवढं पाहा.

५. पहिली फेरी

आव्हालोंहून कुझँ नदीची दरी ओलांडून कारे-ले-तोंब, जिथे चर्चभोवती दगडी शवपेट्या मांडलेल्या आहेत. पुढे सँ-लेजे-व्होबां, किल्ले बांधणारा व्होबां १६३३ मध्ये इथे जन्मला. मग सेंत-आन्यांचा तलाव, सँ-ब्रिसों आणि सेतों. सँ-ब्रिसोंला दुसऱ्या महायुद्धातल्या प्रतिकार चळवळीचं संग्रहालय आहे; याच जंगलांत तिचे तळ होते, १९४४ मध्ये त्याचा सूड म्हणून जर्मनांनी इथली गावं जाळली. तासभर तरी थांबा. वाटा वळवत नेल्या तर दिवसाचे ५० ते ६० किलोमीटर होतात आणि या चढ-उतारांत तेवढे पुरतात. परतताना पश्चिमेने, लोर्म आणि व्हेझलेवरून.

६. हंगाम आणि नियम

मे, जून, सप्टेंबर उत्तम. इथली ग्रॅनाइटची भरड वाळू पाणी लवकर सोडते, त्यामुळे पावसानंतरही रस्ते चालतात. शेजारच्या ओक्सुआच्या चिकणमातीत मात्र चाकं जाम होतात. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेर शिकारीचा मोसम. ‘शास आं कूर’ अशी पाटी म्हणजे पुढे शिकार चालू आहे, दुसरी वाट धरायची. भडक रंगाचं जाकीट अंगात हवंच.

वाहतूक उजवीकडून असते हे लक्षात राहतं. विसरतं ते हे की पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग तो अंगणातून आल्यासारखा दिसणाऱ्या गल्लीतून का येईना. कानात इअरफोन घालून सायकल चालवायला बंदी आहे. गावाबाहेर अंधारात चमकणारं जाकीट सक्तीचं.

नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवून ठेवा, दऱ्यांत नेटवर्क जातं. मदतीसाठी क्रमांक ११२. आणि आव्हालोंहून पॅरिसची शेवटची गाडी किती वाजता आहे, ते निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा बघा. दिवसाला गाड्या मोजक्याच असतात.