नागपूरहून बर्फावर चढायला शिकायचंय? गाइड असा शोधा

आपल्याकडे थंडी म्हणजे सकाळचे तर्री-पोहे आणि फुटाळ्यावरचा चहा, बर्फाशी संबंध फक्त रसवंतीवर. त्यामुळे विंटर क्लाइंबिंग शिकायचं तर हिमालयात जावंच लागतं आणि तिथं पहिल्यांदा जाताना गाइड पाहिजेच. क्रॅम्पॉन (बुटाखालचे धातूचे दात) बांधणं व्हिडिओ बघूनही जमतं हो, पण उतारावर पाय घसरला की क्षणात पालथं होऊन बर्फात वापरायच्या छोट्या कुऱ्हाडीचं म्हणजे अ‍ॅक्सचं टोक बर्फात रोवायचं, ज्याला सेल्फ अरेस्ट म्हणतात, ते कोणीतरी तुम्हाला वीस वेळा मुद्दाम घसरवल्याशिवाय अंगात येत नाही.

आधी स्वतःला विचारा, शिकायचंय की शिखर गाठायचंय? कारण गाइडही दोन प्रकारचे असतात, एक वर नेऊन आणणारा आणि एक शिकवणारा. मी पहिल्या वेळी फक्त रेट बघून एका ठिकाणी ‘कोर्स’ बुक केला होता, पोचलो तर आम्ही चौदा जण, गाइड एक, अ‍ॅक्स तीन, पाच दिवसांत सेल्फ अरेस्ट माझ्या वाट्याला एकदाच आलं. गाइड बिचारा मनापासून राबत होता, पण चौदा जणांना सांभाळण्यातच त्याचा दिवस जायचा. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण आपल्याला येतं असं समजून मी घरी आलो, हे जास्त धोक्याचं होतं.

म्हणून दुसरं काम, बुकिंगवाल्याशी नाही तर जो सोबत येणार त्याच गाइडशी फोनवर बोला. त्याला विचारा की पहिल्या दिवशी काय शिकवाल, दुसऱ्या दिवशी काय, एका वेळी किती जण असतील. माझं मत विचाराल तर गोठलेल्या धबधब्यावर एका गाइडमागे दोन जण, साध्या बर्फाच्या उतारावर फार तर चार, त्याहून जास्त असतील तर दुसरा गाइड बघा. आणि हे नक्की विचारा, ‘मागच्या सीझनला अर्ध्यातून परत कधी फिरलात आणि का?’ चांगला गाइड हवामान, बर्फाचे थर, कोणाची तब्येत असं सगळं नीट सांगतो. ‘आपण कधीच परत येत नाही’ म्हणणाऱ्याला मी तरी पैसे देणार नाही.

सर्टिफिकेटचं म्हणाल तर उत्तरकाशीचं निम (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनिअरिंग), दार्जिलिंगचं एचएमआय (हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट), मनालीची सरकारी माउंटेनिअरिंग संस्था अशा ठिकाणी आधी बेसिक, मग अ‍ॅडव्हान्स आणि त्यानंतर मेथड ऑफ इन्स्ट्रक्शन म्हणजे शिकवायचं कसं याचा कोर्स असतो. हा तिसरा झालाय का ते विचारा. फर्स्ट एडचं ट्रेनिंग कधी घेतलं तेही विचारा. तुमच्याकडे जवळपास महिनाभर सुट्टी असेल तर प्रायव्हेट गाइडआधी यातल्याच एका संस्थेचा बेसिक करा, एवढी शिस्त दुसरीकडे लागत नाही.

आता सामान. भाड्याचे बूट हीच सगळ्यात मोठी कटकट असते, म्हणून पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून आधीच पाठवा. बूट टाचेत सैल असला की क्रॅम्पॉनच्या पुढच्या दातांवर उभं राहताना टाच वर उचलते आणि पोटऱ्या पार जातात. क्रॅम्पॉनही बुटाला मॅच व्हावा लागतो, क्लिपवाला क्रॅम्पॉन मऊ ट्रेकिंग शूजवर बसतच नाही. हेल्मेट, हार्नेस (दोर अडकवायचा कमरेचा पट्टा), अ‍ॅक्स प्रत्येकाला स्वतंत्र मिळेल का हे लेखी घ्या.

हिमस्खलनाबद्दल विचारायला लाजू नका. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर धोका सगळ्यात जास्त, आणि शिकायला आपण बरेचदा तसल्याच उतारावर असतो. चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण खात्याच्या संस्थेचं हिमस्खलन बुलेटिन रोज बघता का, ट्रान्सिव्हर (गाडलेल्या माणसाचा सिग्नल पकडणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं प्रत्येकाकडे असेल का आणि ते वापरायची प्रॅक्टिस करून घ्याल का, एवढं तरी विचाराच.

उंचीचा हिशोब आपल्याला जास्त लागू पडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर, मनाली २,००० च्या आसपास, आणि जानेवारी-फेब्रुवारीत धबधबे गोठतात ते स्पिती साडेतीन हजारांच्या वर. स्पितीला हिवाळ्यात मनालीकडून कुंझुम खिंडीचा रस्ता बंद असतो, शिमला-किन्नौरमार्गे जावं लागतं, तो रस्ता मुक्काम करत करतच करा. ३,००० मीटरनंतर झोपायची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वर नको. गाइडचा प्लॅन यात बसत नसेल तर बदलून मागा.

पैसे देण्याआधी मेसेजवर नाही, मेलवर सगळं लिहून घ्या, हवामानामुळे रद्द झालं तर काय, शिकवायचे दिवस किती, रेस्क्यूचा खर्च कोणाचा. इन्शुरन्सवाल्यालाही स्पष्ट विचारा की बर्फावरचं क्लाइंबिंग आणि हेलिकॉप्टर कव्हर होतं का.

निघायच्या दोन महिने आधीपासून पाठीवर दहा किलो घेऊन रामटेकच्या पायऱ्या चढा-उतरा, एरवी सेमिनरी हिल्सचा चढ. तिथं पोचल्यावर पहिल्या दिवशी गाइडला सांगून ठेवा की शेवटच्या दिवशी वाट मी शोधणार, दोर मी बांधणार, तुम्ही फक्त मागे राहून चुका सांगा. आणि त्या चुका त्याच रात्री, तो सोबत असतानाच, वहीत लिहून घ्या.