घरातल्या सशासाठी फरशीवर काय अंथरावे?

मुंबईतील नव्या इमारतींमध्ये गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स असतात, जुन्या सोसायट्यांमध्ये वर्षानुवर्षे पुसून चकाकी आलेली मोझेक, तर चाळींमध्ये कोटा किंवा शहाबादी फरशी आढळते. यांपैकी कोणतीही फरशी उघडी ठेवून तिच्यावर ससा मोकळा सोडणे योग्य नाही. कुत्र्याच्या किंवा मांजराच्या तळपायाला असते तशी मऊ गादी सशाला नसते. त्याच्या तळपायावर केवळ दाट केसांचा थर असतो आणि पकड मिळते ती मातीत रुतणाऱ्या नखांमुळे. टाइलवर नखे रुतत नाहीत, केस घसरतात आणि शरीराचा भार पुढच्या बोटांवर विभागला न जाता मागच्या पायांच्या टाचांवर येऊन पडतो.

यातून दोन प्रकारची इजा होते. पहिली सावकाश होते. टाचेवरचे केस विरळ होतात, खालची कातडी लाल पडते, पुढे तिथे कडक खपली धरते आणि दुर्लक्ष झाले तर जखम चिघळून संसर्ग थेट हाडापर्यंत जाऊ शकतो. वजनदार, नखे वाढलेले आणि दिवसभर पिंजऱ्यात बसून राहणारे ससे याला लवकर बळी पडतात. रेक्स जातीच्या सशाच्या तळव्यावर मुळातच केस आखूड असल्याने त्याची अधिक काळजी घ्यावी लागते. दुसरी इजा क्षणात होते. सशाचा सांगाडा त्याच्या एकूण वजनाच्या जेमतेम ७ ते ८ टक्के असतो, म्हणजे मांजराच्या तुलनेत बराच हलका, आणि मागच्या पायांचे स्नायू मात्र अतिशय ताकदवान असतात. घाबरून त्याने झेप घेतली आणि पाय घसरून कंबरेला पीळ बसला, तर कंबरेचा मणका मोडून मागचे पाय कायमचे लुळे पडू शकतात. दिवाळीत फटाक्यांचा आवाज होताच ससा कसा उधळतो हे ज्याने पाहिले आहे, त्याला घसरड्या फरशीचा धोका वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

आपल्या घरातील फरशी सशाला त्रास देते आहे की नाही, हे त्याच्या चालण्यावरूनच कळते. ससा भिंतीच्या कडेकडेने चालत असेल, अंथरलेल्या चादरीवरून खाली उतरण्यास कचरत असेल, वळताना त्याचे मागचे पाय बाजूला फाकत असतील, किंवा खोलीच्या मध्यभागी जाणेच त्याने सोडले असेल, तर तो स्वभावाने शांत आहे असे समजू नये. त्याला पायाखाली आधार वाटत नाही, हेच बहुतेक वेळा त्यामागचे कारण असते. आठवड्यातून एकदा त्याला मांडीवर घेऊन, पाठीला आणि कुल्ल्यांना नीट आधार देऊन, मागच्या टाचांवरचे केस बोटांनी हळूच बाजूला करून पाहावे. केसांखालची कातडी फिकट गुलाबी आणि कोरडी असावी. नाण्याएवढा भाग केस जाऊन चकचकीत दिसू लागला असेल, तर अंथरूण त्याच दिवशी बदलावे.

अंथरण्यासाठी महागडी वस्तू आणण्याची मुळीच गरज नाही. घट्ट विणीची सुती सतरंजी हा माझ्या मते सर्वांत चांगला पर्याय आहे, कारण तिच्यात नखे पकड घेतात पण अडकत नाहीत, ती घरच्या मशिनमध्ये धुता येते आणि सशाने एखादा धागा कुरतडला तरी तो सुती असतो. सोलापुरी चादर दुहेरी घडी करून घातली तरी चालते. जुन्या सुती लुगड्यांची गोधडी मऊपणात या दोहोंच्याही पुढे आहे. मात्र तिचे टाके उसवू लागले की लोंबणारे दोरे वेळच्या वेळी कापावेत, नाही तर ते पायाच्या बोटांभोवती गुंडाळले जातात. कुरतडण्याची सवय फार असलेल्या सशासाठी शिंदीच्या पानांची चटई उपयोगी पडते, परंतु ती टणक असल्याने तिच्याखाली सतरंजीचा एक थर हवाच.

सतरंजी टाइलवर नुसती टाकली तर ती सशासकट घसरते, आणि मग ती नसलेली बरी. तिची दोन टोके सोफ्याच्या किंवा कपाटाच्या पायाखाली दाबावीत. खाली घसरणरोधक रबरी जाळी घालायची असल्यास ती सतरंजीपेक्षा चारही बाजूंनी चार बोटे लहान कापावी, म्हणजे तिची कड सशाच्या दातांना लागणार नाही. खोलीभर अंथरणे शक्य नसते, आणि मुंबईच्या वन रूम किचनमध्ये तर नसतेच. म्हणून आधी सशाचे नेहमीचे रस्ते पाहावेत. पिंजऱ्याच्या दारापासून गवताच्या भांड्यापर्यंत, तिथून लघवीच्या ट्रेपर्यंत आणि लपण्याच्या कोपऱ्यापर्यंत अखंड पट्टा असावा. दिवाणावरून किंवा पायरीवरून तो जिथे उडी मारतो, तिथे दुहेरी थर द्यावा. दोन तुकड्यांमध्ये हातभर उघडी टाइल राहिली, तर घसरण्याची जागा नेमकी तीच ठरते.

काही वस्तू मात्र कितीही सोयीच्या वाटल्या तरी टाळाव्यात. लहान मुलांच्या खोलीत घालतात ते एकमेकांत अडकणारे फोमचे रंगीत तुकडे ससा हमखास कुरतडतो, आणि सशाला उलटी करता येत नसल्यामुळे गिळलेला फोम आतड्यात अडकून जिवावर बेतू शकते. टर्किश टॉवेल आणि फासेदार विणीचे गालिचे यांत नख अडकून उपटले जाते. काथ्याची पायपुसणी टाचेला खरवडते. वर्तमानपत्र टाइलवर सरकते, त्यामुळे ते ट्रेमध्येच ठेवावे. बाजारात मिळणाऱ्या पिंजऱ्यांचा तळ बहुधा तारेच्या जाळीचा असतो. त्यावर टेप आणि पिना काढलेला जाड पुठ्ठा व वर सतरंजी घातल्याशिवाय ससा आत ठेवूच नये.

आता मुंबईच्या हवेचा प्रश्न. सशाला घाम येऊन अंग गार होत नाही, तो मुख्यतः कानांवाटे उष्णता बाहेर टाकतो आणि साधारण २८ अंशांच्या पुढे त्याला उकाडा सहन होईनासा होतो. एप्रिल-मे महिन्यांत आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याला पोट टेकून पसरण्यासाठी गार फरशी लागते. त्यामुळे सगळी फरशी झाकणे हाही उपाय नव्हे. सावलीतला, पंख्याचा वारा लागेल असा एक कोपरा मुद्दाम उघडा ठेवावा. मात्र तो ये-जा करण्याच्या रस्त्यावर नसावा, केवळ आडवे होण्यापुरता असावा.

पावसाळ्यात अडचण याच्या अगदी उलट असते. जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, फरशीलाही ओल सुटते आणि अंथरुणाखाली बुरशी धरते. ओलसर अंथरुणावर बसून सशाच्या टाचेची कातडी नरम पडते आणि जखम लवकर होते. शिवाय लघवीने भिजलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि त्यांतून निघालेल्या अळ्या जिवंत सशाच्या कातडीत शिरतात. म्हणून सतरंज्यांचे किमान दोन संच असावेत. रोज सकाळी सतरंजी उचलून तिच्या खालच्या बाजूला तळहात दाबून पाहावा. गारवा किंवा कुबट वास जाणवला, तर ती काढून पंख्याखाली वाळवावी आणि पूर्ण कोरडी होण्यासाठी वरून इस्त्री फिरवावी.

स्वच्छतेबाबत एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. सशाच्या लघवीतून बरेच कॅल्शियम बाहेर पडते, त्यामुळे वाळल्यावर पांढरा थर राहतो. व्हिट्रिफाइड टाइलवरचा असा थर निम्मे पाणी घातलेल्या पांढऱ्या व्हिनेगरने सहज निघतो. मात्र संगमरवर, मोझेक, कोटा आणि शहाबादी फरशीवर व्हिनेगर वापरू नये, कारण आम्लामुळे हे दगड खाल्ले जातात आणि फरशी खरखरीत होते. तिथे लघवी ओली असतानाच साध्या पाण्याने पुसणे हाच मार्ग आहे. फिनाइल कोणत्याच फरशीवर नको. ससा दिवसातून अनेकदा पाय चाटतो आणि फरशीवर जे असेल ते त्याच्या पोटात जाते.

टाचेला सूज, ओली जखम किंवा रक्त दिसल्यास घरातले मलम लावू नये, कारण ससा ते चाटून टाकतो. सशांवर उपचार करण्याचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडेच त्याला न्यावे. मागचे पाय ओढत चालू लागला, तर त्याला हातात उचलून फिरवू नये. टॉवेलवर अलगद सरकवून घ्यावे, ताठ बुडाच्या खोक्यात ठेवावे, बाजूंना कपड्यांच्या गुंडाळ्या लावाव्यात आणि तडक दवाखाना गाठावा.